उद्यमनगरातल्या मामांना

मामा,

तुमचं नाव विचारायचं राहिलंच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांची काय कमी, म्हणून खूण सांगतो. रविवारी दिवेलागणीला तुमचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि स्कूटरवर, सिमेंटच्या पोत्यात चाकाचा नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, घालून एक घामाघूम माणूस दारात उभा राहिला, तो मी.

आमची जुनी वॅगनआर पन्नासच्या पुढं गेली की जातं फिरवल्यासारखी घरघरायची. गगनबावड्याच्या घाटात उजव्या वळणाला आवाज वाढायचा, डाव्या वळणाला कमी व्हायचा. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे डावंच बेअरिंग, हे मी गॅरेजवाल्याला सांगून दमलो. त्यानं आधी टायर बदलायला लावले, मग अलाइनमेंट केलं आणि शेवटी बेअरिंग घातलं ते माझ्यादेखत घणानं ठोकून. दोन महिन्यांत घरघर परत. विचारायला गेलो तर म्हणतो, "मग तुम्हीच करा की घरी."

केलं. बायकोला ब्रेकवर पाय देऊन बसवलं, पान्याला पाइप लावून हबचा नट सोडवला. इथवर छाती फुगलेली. नवं बेअरिंग मात्र सरळ बसेना, तेव्हा हातोडी उचलली. ज्याला दोन महिने शिव्या घातल्या त्याचंच काम मी केलं, तेही आतल्या रिंगवर ठोकून, म्हणजे सगळा मार मधल्या गोळ्यांवर.

तुम्ही हसला नाहीत. दाब देणाऱ्या प्रेस मशीनवर ते बेअरिंग बाहेर काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. "फिरीव. कानानं नगं, बोटानं बघ." फिरताना बोटाला बारीक कचकच लागली, भाकरीत खडा यावा तशी. "आतनं खड्डं पडल्यात. दाबून देतो म्हटलं तर बसंल, पर परत येशील." दाबून, पैसे घेऊन मला वाटेला लावता आलं असतं. तुम्ही पार्टवाल्याला फोन लावून दुकान उघडायला लावलंत.

मी नवं घेऊन आलो तेव्हा तुम्ही जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ग्राइंडरवर धरली होती. मला वाटलं, उगाच वेळ चाललाय. मग तीच रिंग नव्या बेअरिंगच्या बाहेरच्या कडेवर ठेवून तुम्ही प्रेस दाबलात. बेअरिंग गुपचूप आत गेलं. घासल्यामुळं रिंग अडकली नाही, दोन बोटांनी उचलली. ती तुम्ही पुसलीत, तेलाचं बोट फिरवलंत, पेपरात गुंडाळून मला दिलीत. "ठेव. उजव्या चाकाला लागंल."

मामा, ती पुडी हातात आली तेव्हा घशात काहीतरी दाटलं, खोटं कशाला बोलू. सहा महिने जो तो मला गिऱ्हाईक म्हणून बघत होता. तुम्ही पुढच्या वेळी मी अडू नये याची सोय केलीत. असली माणसं हातावर पोट असूनही हात राखून वागत नाहीत. मजुरीचे दोनशे घेतलेत तेही बरं केलंत, नाहीतर परत यायला मला संकोच वाटला असता.

परवा आईला वैभववाडीहून आणलं. मागच्या खेपेला "गाडी कण्हते का रे?" म्हणून तिनं सगळा घाट दांडी धरून काढला होता. या वेळी त्याच करूळ घाटाच्या वळणांवर झोपली.

उजवं बेअरिंग अजून जुनंच आहे. बोललं की पुडी घेऊन येतो, तेव्हा नाव विचारीन.