माणसाला ‘थांब’ म्हणायला वेळ द्या : संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना खुले पत्र

मा. सरचिटणीस, संयुक्त राष्ट्रे यांस,
सविनय नमस्कार.

माणसाच्या देखरेखीशिवाय जीव घेणाऱ्या शस्त्रांवर 2026 पर्यंत बंधनकारक करार व्हावा, अशी मागणी सरचिटणीसांनी 2023 मध्ये जगापुढे ठेवली. ती मला मनापासून पटते. मी लिहितो आहे ते त्या करारातल्या एका कलमासाठी. शस्त्रावर माणसाचे नियंत्रण असावे, एवढे बहुतेक देश आज मान्य करतात. पण माणूस नुसता यंत्राशेजारी बसवला तरी हे कलम पाळल्यासारखे दिसेल, आणि मला भीती वाटते ती याचीच.

23 मार्च 2003 रोजी, इराक युद्धात, अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने तळावर परतणारे ब्रिटनचे टोर्नेडो विमान पाडले. विमानातले दोघेही मारले गेले. यंत्रणेने मित्राचे विमान शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले होते. पुढे काही दिवसांतच पॅट्रियटने अमेरिकेच्याच नौदलाचे एक लढाऊ विमान पाडले. पडद्यासमोर प्रशिक्षित माणसे होती, पण यंत्राचे म्हणणे तपासून पाहायला त्यांच्याकडे पुरेसा वेळ नव्हता.

याउलट 26 सप्टेंबर 1983 ची रात्र आठवा. अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रे सोडली आहेत, असे सोव्हिएत उपग्रह यंत्रणा सांगत होती. ड्यूटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव. खरा हल्ला झालाच तर तो पाचच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही, असा त्यांनी विचार केला. जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हते. इशारा खोटा आहे, असे त्यांनी वर कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता, हे नंतर स्पष्ट झाले. पेत्रोव यांच्याकडे काही मिनिटे होती, ताडून पाहायला दुसरी माहिती होती आणि यंत्र चुकते आहे असे म्हणण्याची मुभा होती. या तीन गोष्टी काढून घेतल्या, तर त्याच खुर्चीत कितीही शहाणा माणूस बसवा, काही उपयोग नाही.

आणि आज नेमक्या याच तीन गोष्टी हातातून निसटत आहेत. युक्रेनच्या रणांगणावर ड्रोन आणि चालक यांच्यातला रेडिओ संपर्क शत्रू जॅमरने तोडतो. त्यावर दोन तोडगे निघाले. एक म्हणजे ड्रोनमागे किलोमीटरच्या किलोमीटर बारीक फायबर केबल सोडायची, म्हणजे चालक जोडलेला राहतो. दुसरा म्हणजे शेवटच्या टप्प्यात लक्ष्याचा पाठलाग ड्रोनवरच्या सॉफ्टवेअरकडे सोपवायचा. आज हा टप्पा छोटा आहे. पण जॅमर जितके प्रबळ होतील तितका तो लांबेल, आणि लक्ष्य निवडण्याचे कामही एक दिवस यंत्राकडे जाईल. कोणत्याही संसदेत यावर मतदान झालेले नसेल. गरज म्हणून, एकेक सुधारणा करत हे घडेल. मधल्या काही सेकंदांत समोरच्या सैनिकाने बंदूक टाकली तर? शरण आलेल्यावर किंवा जखमी होऊन लढण्याजोगा न राहिलेल्यावर हल्ला करू नये, असे जिनिव्हा करारांचा 1977 चा पहिला प्रोटोकॉल सांगतो. कॅमेऱ्याला आकृती आणि उष्णता कळते, शरणागती ओळखण्याचा भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही.

अंगावर येणारे क्षेपणास्त्र आपोआप टिपणाऱ्या फॅलँक्ससारख्या तोफा युद्धनौकांवर 1980 पासून आहेत. त्यांना माझा विरोध नाही, कारण तिथे नेम क्षेपणास्त्रावर असतो. माणसाला लक्ष्य म्हणून स्वतः निवडणाऱ्या यंत्रावर मात्र सरसकट बंदी हवी. इतर शस्त्रांबाबत करारात स्पष्ट लिहा : चालकाला लक्ष्य काय आहे ते माहीत असावे, नकार देण्याइतका वेळ आणि अधिकार असावा, नकारासाठी त्याला शिक्षा होऊ नये, संपर्क तुटल्यावर शस्त्राने नवे लक्ष्य शोधू नये, आणि प्रत्येक हल्ल्याला जबाबदार अधिकारी ठरलेला असावा.

तंत्रज्ञान अजून पुरते आकाराला आले नाही, मग बंदीची घाई कशाला, असा आक्षेप येईल. डोळे कायमचे आंधळे करणारी लेझर शस्त्रे सैन्यांत रुळण्याआधीच, 1995 मध्ये, त्यांच्यावर बंदी आली होती. घाई केली म्हणूनच ते जमले.

जिनिव्हात या विषयावर 2014 पासून चर्चा चालू आहे. तिथे एकमताचा नियम आहे, त्यामुळे एखाद्या देशालाही सगळे अडवता येते. शस्त्रव्यापार करारही मार्च 2013 मध्ये अशाच एकमताच्या नियमामुळे अडला होता. मग तो आमसभेत नेला गेला आणि 2 एप्रिलला 154 विरुद्ध 3 मतांनी संमत झाला. स्वायत्त शस्त्रांवरच्या डिसेंबर 2024 च्या ठरावाला तर 166 देशांचा पाठिंबा मिळाला. बडी लष्करे सुरुवातीला बाहेर राहतील, हे मला दिसते. तरीही नियम लिहिलेला असला, तर त्यांच्याकडे प्रत्येक हल्ल्यानंतर त्या नियमाला धरून उत्तर मागता येईल.

मतदान देशांच्या हाती आहे, पण सदस्य देशांना आग्रहाने सांगणे आपल्या हाती आहे. हा विषय जिनिव्हातून आमसभेत न्या, आणि चालकाला वेळ व नकाराचा अधिकार देणाऱ्या कलमाचा मसुदा आपल्या अहवालातून त्यांच्यासमोर ठेवा, ही विनंती.

कळावे,
एक नागरिक