केमोआधी हेपॅटायटिस बी ची ‘टोटल अँटी-एचबीसी’ तपासणी सक्तीची करा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मिरजेत केमोसाठी सांगली-साताऱ्याचे पेशंट येतात, कर्नाटकातलेही येतात. फाइलीत ‘एचबीएसएजी निगेटिव्ह’ (हेपॅटायटिस बी विषाणूचं आवरणाचं प्रथिन रक्तात सापडलं नाही) असा शिक्का असला की केमो सुरू होते. आमची तक्रार या शिक्क्याबद्दल आहे, कारण जुना, दबलेला संसर्ग त्यातून कळत नाही.

हेपॅटायटिस बी चा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. मारतात आपल्याच टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. संसर्ग वर्षानुवर्षं मुरला की त्या थकतात. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक चढतो, शिवाय नियामक टी पेशी त्यांना आवरून धरतात. यकृत बचावतं, पण विषाणूही बचावतो. जो ‘बरा झाला’ त्याच्याही पेशींच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए गोल कड्यासारखा पडून असतो. अशा माणसाचं एचबीएसएजी निगेटिव्ह येतं, अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी) मात्र पॉझिटिव्ह.

त्याला रिटुक्सिमॅब (लिम्फोमासारख्या आजारात बी पेशी मारायला देतात ते औषध) दिलं की अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी जातात, पहारा उठतो आणि विषाणू गुपचूप वाढतो. कावीळ बऱ्याचदा उपचार संपल्यावर होते, कारण केमोत दबलेल्या टी पेशी तेव्हा सावरतात आणि विषाणूने भरलेल्या यकृतावर तुटून पडतात. बोल लागतो केमोला, आणि घरचे काविळीची माळ आणायला धावतात.

म्हणून जनआरोग्य योजनेत केमो आणि (रिटुक्सिमॅबसारख्या) बायोलॉजिकल औषधांना मंजुरी देण्याआधी एचबीएसएजी आणि टोटल अँटी-एचबीसी हे दोन्ही रिपोर्ट मागा. आदेशात ‘टोटल’ हा शब्द हवाच. नुसतं अँटी-एचबीसी लिहिलं तर कुणीतरी आयजीएम (मुख्यतः ताज्या संसर्गात दिसणारी अँटिबॉडी) करून पाठवतं आणि जुना संसर्ग नेमका निसटतो.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल, किंवा अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असून रिटुक्सिमॅब द्यायचं असेल, तर केमोच्या आधीच टेनोफोविर (विषाणू दाबून ठेवणारं औषध) ३०० मिलिग्रॅम, रोज एक गोळी. किडनी कमजोर असेल तर एन्टेकॅविर, उपाशीपोटी, क्रिएटिनिन बघून डोस. लॅमिव्हुडिन नको, विषाणू त्याला लवकर दाद देईनासा होतो. गोळी केमोनंतर किमान ६ महिने, रिटुक्सिमॅबनंतर किमान १२ महिने. थांबवल्यावरही वर्षभर एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी).

घोळ होतो तो डिस्चार्ज कार्डावर. केमो संपली की टेनोफोविर लिहायचं राहून जातं आणि पेशंट गोळी बंद करतो. कार्डावर ‘हेप-बी गोळी बंद करण्याची तारीख’ असा एक रकाना छापा. गोळ्यांचा खर्चही नवा नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात टेनोफोविर मोफत आहे. फक्त ते केमोच्या वॉर्डापर्यंत आणायचं आहे.

आपले,
यकृत व रक्तविकारांवर उपचार करणारे डॉक्टर,
सांगली-मिरज