मार्कर शोधायला पैसा मिळतो, पारखायला मिळत नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

कर्करोग संशोधनाचा निधी कोणत्या कामाला आणि किती वर्षांसाठी द्यायचा, हे आपले खाते ठरवते. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या कर्करोगांवर प्रयोगशाळेत काम करणारी संशोधक म्हणून त्या ‘किती वर्षांसाठी’बद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

2022 या एका वर्षात जगभरात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे सुमारे 14 लाख 67 हजार आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे 6 लाख 14 हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. यातल्या प्रत्येकाचा डॉक्टरांना पहिला प्रश्न एकच असतो : हा आजार वाढणार का? त्याचे खात्रीचे उत्तर देणारी रक्तातली, लघवीतली किंवा ऊतीतली खूण, म्हणजे मार्कर, आज अनेकदा हाती नसते.

प्रोस्टेटचेच पाहा. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत प्रोस्टेट ग्रंथीपुरताच मर्यादित आजार असलेल्या सोळाशेहून अधिक पुरुषांचे तीन गट केले होते. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यावर किरणोपचार, तर तिसऱ्यावर फक्त बारीक लक्ष ठेवले गेले. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत 3 टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणजे बहुतेकांची गाठ जीवघेणी नव्हती. पण थोड्यांची असते, आणि ती हाडांपर्यंत पोहोचते. कोणाची कोणती, हे निदानाच्या दिवशी पक्के ओळखता येत नसल्यामुळे कित्येक पुरुष गरज नसताना उपचार घेतात आणि लघवीवरचा ताबा, लैंगिक क्षमता गमावून बसतात.

पीएसए हे प्रोस्टेटमधले प्रथिन मोजणारी रक्ततपासणी इथे अपुरी पडते. हे प्रथिन निरोगी ग्रंथीही तयार करते. ग्रंथी वयोमानाने वाढली किंवा तिला सूज आली, तरी आकडा चढतो. उलट अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पीएसए सर्वसामान्य मानल्या जाणाऱ्या मर्यादेत, म्हणजे 4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तेव्हा त्यांतल्या सुमारे 15 टक्के जणांत कर्करोग सापडला.

मूत्राशयाचा त्रास वेगळा. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत आजार स्नायूत शिरण्याआधीच सापडतो, ही दिलाशाची गोष्ट. पण तो पुनःपुन्हा उलटतो, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून तपासावे लागते. लघवीतल्या पेशी पाहण्याच्या जुन्या तपासणीत कमी तीव्रतेच्या गाठी निसटतात. एफजीएफआर3 जनुकातले बदल बहुधा कमी तीव्रतेच्या गाठींत दिसतात आणि टीपी53 मधले आक्रमक गाठींत, एवढे प्रयोगशाळेने शोधून काढले आहे. त्याच्या आधारे लघवीची भरवशाची तपासणी उभी राहिली, तर दुर्बिणीच्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

मग ती उभी का राहत नाही? मार्करची वाण नाही. दर महिन्याला नव्या मार्करचे शोधनिबंध येतात. तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो, फ्रीझरमध्ये असतील ते नमुने काढले जातात, पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांची तुलना ठणठणीत माणसांशी केली जाते. इतका मोठा फरक असताना कुठलाही मार्कर चमकतोच. निबंध छापून येतो, निधी संपतो, नमुन्यांची नोंद ठेवणारी कंत्राटी तंत्रज्ञ दुसरीकडे निघून जाते. आणि ज्या रुग्णाचा आजार दहा वर्षांनी वाढला, त्याचा जुना नमुना त्या वाढीशी जोडून पाहायला तिथे कोणीच उरलेले नसते. जो आजार पंधरा वर्षांत आपले खरे रूप दाखवतो, त्याचा अंदाज तीन वर्षांच्या अनुदानात बांधता येत नाही.

नमुने जपल्याने काय साधते, याचे उदाहरणही मूत्राशयाच्या कर्करोगातलेच आहे. मूत्राशय काढलेल्या रुग्णांना अटेझोलिझुमॅब हे कर्करोगावरचे औषध देऊन पाहणारी एक चाचणी अपयशी ठरली होती. पण त्या रुग्णांचे रक्त साठवलेले होते. त्यात गाठीचा डीएनए शोधल्यावर दिसले, की शस्त्रक्रियेनंतरही ज्यांच्या रक्तात तो सापडतो, त्यांना या औषधाचा फायदा झालेला आहे. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्यावरच पुढची चाचणी आखली गेली. रक्त टाकून दिले असते, तर औषध बाद होऊन विषय तिथेच मिटला असता.

आता प्रयोगशाळेच्या आतली, पण माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट. आमचे बरेचसे काम सेल लाइनवर, म्हणजे रुग्णाच्या गाठीतून घेऊन पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींवर चालते. केयू7 ही मूत्राशयाच्या कर्करोगाची सेल लाइन म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेली. 2013 मध्ये सिद्ध झाले, की त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या हेला पेशी आहेत. ईसीव्ही304 रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी म्हणून वापरात होत्या. त्या प्रत्यक्षात मूत्राशयाच्या कर्करोगाच्या टी24 पेशी निघाल्या. त्यांच्यावर बेतलेल्या प्रयोगांमागे किती संशोधकांची वर्षे वाया गेली असतील! प्रोस्टेटमध्ये ओळख बरोबर असूनही अडचण आहे. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्येच दाखवले. पण पीसी-3 आणि डीयू145 या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेशी त्या संप्रेरकाला दादच देत नाहीत. त्यांच्यातले निष्कर्ष रुग्णांच्या ताज्या ऊतींवर पडताळल्याशिवाय पुढे नेणे योग्य नाही.

म्हणून मागणे असे, की निधीचा एक ठरलेला हिस्सा पडताळणीसाठी राखून ठेवावा. निदानाच्या वेळी घेतलेले रक्त, लघवी आणि ऊती जपणे आणि त्या रुग्णांचा किमान पंधरा वर्षे पाठपुरावा करणे, यासाठी सलग अनुदान मिळावे. नमुने सांभाळणाऱ्यांची पदे कायम असावीत. हे काम दुय्यम नाही, बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. मार्कर टिकला नाही, तर तो निष्कर्षही प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे आणि संशोधकाच्या खात्यावर काम म्हणून मोजला जावा. मूत्राशयाच्या नमुन्यांत स्त्रियांची संख्या आवर्जून वाढवावी. हा आजार पुरुषांत कित्येक पट अधिक असल्याने स्त्रियांचे नमुने थोडेच जमतात, आणि लघवीतले रक्त संसर्गाचे समजून त्यांचे निदानही अनेकदा लांबते.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागेल, वेळही लागेल. एक मात्र लगेच होण्याजोगी आहे. सेल लाइनची डीएनए ओळख तपासल्याचा अहवाल जोडल्याशिवाय अनुदानाचा हप्ता देऊ नये, एवढी अट घालायला एक परिपत्रक पुरते. तपासणीचा खर्च कोणत्याही प्रकल्पाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. पुढच्या अनुदानाचे अर्ज मागवण्यापूर्वी हे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
प्रोस्टेट व मूत्राशयाच्या कर्करोगांवर काम करणारी एक संशोधक