इंदूरच्या विमानाबद्दल

मुलुंड (पूर्व)
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मने,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. नसतील तर आधी घालून घे, मी थांबते.

कागदावर लिहितेय, कारण व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर ब्लू टिककडे बघत बसले असते. फोन केला असता तर रडले असते, तू ‘बरं बरं, पाणी पी’ म्हणाली असतीस आणि मूळ गोष्ट, तुझ्या लग्नाला विमानानं इंदूरला आले आणि त्यानंतर माझं पोटातलं बाळ गेलं ती, पुन्हा राहून गेली असती. दीड वर्ष ती तशीच राहत गेलीय.

तब्येत बरी. सकाळी उलट्या, संध्याकाळी आंबट ढेकर, मधे ऑफिस. मंदार ठीक. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्यांना माळ्यावरची जळमटंसुद्धा दिसतात. झालं तब्येतपाणी.

हो, उलट्या. बरोबर वाचलंस. नववा आठवडा. आता तू लगेच बोटं मोजशील म्हणून सांगते, हे लोक शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे आपण गरोदर नसतोच, तरी धरतात. फुकटचे मार्क. तुझ्यासारखीला हे कसं चाललं असेल कुणास ठाऊक.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही हा नियम मोडून तुला सांगतेय, पण तुझा नंबर पाचवा आहे. मंदार, सासूबाई, डॉक्टरबाई आणि विमानतळावरची सीआयएसएफची एक बाई तुझ्या आधी.

सोमवारी दिल्लीला गेले होते, मंगळवारी रात्री परत आले. ऑफिसचं काम होतं, टाळता आलं असतं. खरं सांगू का, मला परत एकदा विमानात बसून बघायचं होतं.

घरात काय झालं असेल ते तू डोळ्यांसमोर आण. सासूबाई म्हणाल्या, राजधानीनं जा. म्हणजे दोन तासांच्या जागी सोळा तास हलत जा. मने, मी रोज सकाळी कल्याणहून खच्चून भरून आलेल्या फास्टला लटकते. हल्ली दिव्यांगांच्या डब्यात चढते, गरोदर बायकांना चालतं तिथं. पण नवव्या महिन्याची गोष्ट वेगळी आणि नवव्या आठवड्याची वेगळी. एक काका रोज आधी माझ्या पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे, मग पुन्हा पोटाकडे. मी डॉक्टरांची फाइल शाळेतल्या पाटीसारखी छातीशी धरून उभी. स्टेशनपर्यंतची रिक्षा तर मणके मोजून देते. ह्या सगळ्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही. विमान म्हटलं की मात्र टिटवाळ्याच्या गणपतीचा अंगारा पर्समध्ये.

डॉक्टरबाईंना मी एक वही भरून प्रश्न नेले होते. त्यांनी आधी एकच अट घातली, पहिली सोनोग्राफी झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत अडकलेला नाही ना, हे बघायचं असतं. नळीत असला आणि आकाशात असताना नळी फुटली तर तिथं कोण ऑपरेशन करणार? ते मला पटलं. मग ती पाटी, तो एफ फॉर्म, ‘मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही’ वर सही. सगळं जागच्या जागी होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, जा.

मी म्हटलं, वर हवा विरळ असते, बाळाला ऑक्सिजन? तर म्हणाल्या, विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. उटी सव्वासात हजारांच्या आसपास आहे. उटीच्या बायका नऊ महिने तिथंच राहतात आणि त्यांना धडधाकट पोरं होतात. शिवाय पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा वेगळं असतं, ऑक्सिजन जास्त घट्ट पकडून ठेवतं. आईला हृदयाचा, फुफ्फुसाचा आजार असेल, रक्त फार कमी असेल किंवा रक्तस्राव चालू असेल तर गोष्ट निराळी. मी उटी ऐकल्यावर पुढचं निम्मं ऐकलंच नाही. मला ती ट्रिप आठवली, प्रत्येक वळणावर तुझं डोकं खिडकीबाहेर आणि माझ्या हातात तुझी वेणी. आणि तरी परत येताना खिडकी तुलाच हवी होती. ते भांडण संपलंय असं समजू नकोस.

मग किरणोत्सर्ग. तो प्रश्न मी लाल पेनानं लिहिला होता. आकाशातून येणारे किरण वर जास्त लागतात हे खरंय. पण सगळ्यांत लांबच्या विमानप्रवासातसुद्धा ०.१५ मिलिसिव्हर्टच्या वर जात नाहीत, आणि अख्ख्या गरोदरपणाची मर्यादा १ धरतात. दिल्ली त्या मानानं किस झाडकी पत्ती. महिन्यातून दहा वेळा उडणाऱ्यांनी आणि विमानात नोकरी करणाऱ्यांनी हिशेब ठेवायचा. रक्ताच्या गुठळीचं म्हणाल्या की चार तासांच्या वरच्या प्रवासाला पायांत घट्ट मोजे घाल, कडेची सीट घे, उठून चाल, पाणी पीत राहा. दोन तासांना पाणी आणि कडेची सीट पुरे.

तर ती सीआयएसएफची बाई. पडद्याआड स्टूलावर उभं राहायचं, हात पसरायचे, ती दांडकं फिरवते. मला माहीत होतं की ते एक्स-रे नाही, एक्स-रे बॅगेचा होतो, आपला नाही. वहीत लिहिलेलं होतं. तरी दांडकं पोटाशी आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मैं प्रेग्नंट हूँ.’ तिनं हात थांबवला. ‘कौन सा महीना?’ मी म्हटलं, तिसरा लागलाय. ती हसली, दांडकं बाजूला ठेवलं, नुसत्या हातानं हलकंच तपासलं आणि शिक्का मारताना म्हणाली, ‘खट्टा रखा है कुछ?’ होती, आवळासुपारी. आनंदानं ‘मी गरोदर आहे’ असं मी पहिल्यांदा म्हटलं ते त्या हिरव्या पडद्याआड.

विमानात पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून बांधला. शेजाऱ्यानं गरम पाणी ओतायचा उपमा घेतला आणि त्या वासानं मी समोरच्या खिशातली ती कागदी पिशवी तीनदा चाचपली. वापरावी लागली नाही. वर पोटातला गॅस फुगतो हेही सांगितलेलं होतं, म्हणून आदल्या रात्री छोले खाल्ले नाहीत. दिल्लीत जाऊन छोले न खाता परत आले, ह्याची नोंद व्हावी.

बुधवारी सकाळी बाथरूममध्ये डाग दिसला.

तपकिरी, जुन्या रुपयाएवढा. मी फरशीवर बसले. नळ चालू होता, बादली भरून वाहायला लागली, पाणी माझ्या पायाखालून मोरीकडे चाललेलं आणि मला उठून नळ बंद करता येईना. मंदारनं दार वाजवलं. ‘अगं, पाणी जातंय.’ मी आतून म्हटलं, ‘जाऊ दे.’

आणि मला तू आठवलीस. देव नाही, आई नाही, तू.

तुझ्या पुढ्यात हे परत काढावं लागतंय, पण काढते. तुझ्या लग्नानंतर महिन्याभरानं तू फोन केला होतास. ‘मीच विमानानं ये म्हणाले, ट्रेननं दमशील म्हणून. ट्रेननं यायला सांगायला हवं होतं गं.’ आणि मी काय म्हणाले? ‘जाऊ दे.’ ‘नाही गं, तुझा काय संबंध’ असं म्हणाले नाही. जाऊ दे म्हणजे माफ केलं. म्हणजे गुन्हा तुझा होता, मी मोठ्या मनानं सोडून दिला. तुलाही ते तसंच ऐकू आलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं, मने. त्यानंतर तू कधी ‘इंदूरला ये’ म्हणाली नाहीस. बारशाचं आमंत्रणसुद्धा कार्डानं आलं, आणि मी कुरियरनं चांदीचा वाळा पाठवून मोकळी झाले.

आता ह्या पाकिटात एक झेरॉक्स आहे ती काढ.

ती तारीख बघ. तुझ्या फोननंतर अकरा दिवसांनी तो रिपोर्ट आला. तेव्हा जे काढलं ते तपासायला दिलं होतं. सोळाव्या क्रोमोसोमच्या दोनऐवजी तीन प्रती. पहिल्या तीन महिन्यांत जे टिकत नाहीत त्यांतले निम्मे तरी असल्याच कारणांनी जातात, आणि त्यांत हा सोळावा सगळ्यांत नेहमीचा. तो घोटाळा बहुतेक वेळा बीज तयार होतानाच होतो. म्हणजे मी विमानात बसायच्या आधी, तिकीट काढायच्या आधी, तुझी पत्रिका छापायच्याही आधी ते ठरलेलं होतं. बैलगाडीनं आले असते तरी तेच झालं असतं. घरी गादीवर पडून राहिले असते तरी तेच.

हे मला दीड वर्ष माहीत आहे. पाकीट पैठणीच्या घडीत ठेवलंय, तुझ्या लग्नात नेसलेल्या.

का नाही सांगितलं? विमानाचा दोष नाही म्हटल्यावर उरतं कोण, माझं बीज. डॉक्टरबाई तेव्हाही म्हणाल्या होत्या की ह्यात कुणाचाच दोष नसतो, नशिबाचा फासा. पण घरात, चाळीतल्या मावशीपासून ऑफिसातल्या सरांपर्यंत, सगळे म्हणत होते ‘विमानानं गेली ना’ आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. त्यात तू भरडली गेलीस. तू मला राजमाचीच्या ट्रेकला टॉर्चच्या सेलांवरून म्हणाली होतीस ना, की मी दोष नेहमी कुणाच्या तरी गळ्यात बांधते. तेव्हा चार दिवस बोलले नव्हते तुझ्याशी.

कालचं सांगते आणि संपवते. सोनोग्राफीवाल्या बाई आधी काही बोलेचनात, स्क्रीन त्यांच्याकडे वळवलेला. मग त्यांनी आवाज सुरू केला. एकशे बहात्तर, मने! मिनिटाला. दादरच्या पुलावर सकाळी साडेनऊला पावलं वाजतात तसं. लांबी २३ मिलिमीटर, एक बरंसं जांभूळ. मी डाग, विमान, उपमा सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुरुवातीला चारांतल्या एकीला थोडं फार स्पॉटिंग होतं आणि बऱ्याच जणींचं पुढे सुरळीत जातं. लाल जायला लागलं, गाठी पडल्या, एका बाजूला दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली तर मात्र रात्री-बेरात्री निघून यायचं. विमानाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘तुम्ही रोज लोकलनं जाता. दिल्लीला गेला नसतात आणि डाग आला असता, तर रेल्वेवर केस केली असती का?’ माझा रक्तगट पॉझिटिव्ह म्हणून ते अँटी-डीचं इंजेक्शन नाही. तुला घ्यावं लागलं होतं ना? बघ, हेही मला तुझ्या आईकडून कळलं.

आज डाग नाही. उद्याचं माहीत नाही.

तुझं काय? सौरभची बदली टळली का? घराचा वरचा मजला झाला? काकूंच्या गुडघ्याचं कुणाला दाखवलं? पोरगी चालायला लागली असेल, फोटोत तिच्या पायात वाळा दिसत नाही, लहान झाला की हरवला? नोकरी सोडलीस हे खरं आहे का, आणि खरं असेल तर मला तिसऱ्याकडून का कळतं ह्याचं उत्तर मला माहीत आहे, लिहू नकोस.

पुढच्या महिन्यात २३ तारखेला तिचा वाढदिवस. तेव्हा मला चौदावा आठवडा असेल, उलट्या ओसरल्या असतील असं सगळ्या म्हणतात. सासूबाई म्हणतायत जायचंच तर अवंतिका एक्स्प्रेसनं जा, रात्रभर आडवी तरी पडशील. डॉक्टरबाई तपासून हो म्हणाल्या की मी तिकीट काढणार, विमानाचं. संध्याकाळचं. बोलावलं नाहीस तरी येणार. घ्यायला तू ये, सौरभला पाठवू नकोस. सराफ्याच्या खाऊगल्लीतलं काय खाऊ शकते त्याची यादी करून ठेव, पाणीपुरी त्यात नसेल तर सांगू नकोस.

तुझीच,
अनू

ता. क. राजमाचीला सेल माझ्याचकडे होते. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. घरी आल्यावर सापडले.