नावं माहीत नसलेल्या मदतनीसांचे आभार

माझा गेमिंग कॉम्प्युटर नव्या प्रोसेसरवर सुरळीत चालू लागलाय. ज्यांच्यामुळे हे जमलं त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवरून (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) नव्या एएम५वर जायचं म्हणजे प्रोसेसरसोबत मदरबोर्ड आणि रॅमही बदलणं आलं, कारण एएम५ला डीडीआर५ या नव्या पिढीचीच रॅम लागते. हे तुम्ही आधीच सांगितलंत, त्यामुळे खरेदीची यादी पहिल्यापासून बरोबर झाली. बोर्ड काढण्याआधी विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, असं बजावणाऱ्या ताईंचे विशेष आभार.

सगळ्यात मोलाचा सल्ला मात्र पहिल्यांदा चालू करतानाचा. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. "डीडीआर५चं मेमरी ट्रेनिंग चालू असतं, काही मिनिटं हात लावू नका," असं एका दादांनी सांगून ठेवलं होतं; म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी थांबलो. अशा वेळी वीज बंद करून पुन्हा सगळं उघडायचा मोह किती होतो, हे अनुभवलेल्यालाच कळेल!

विंडोज टाकताना बाकीच्या ड्राइव्ह काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फाइल्स भलत्याच ड्राइव्हवर जाऊ शकतात, असं समजावणारे. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्यायला लावणारे. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय, सुरू करायची आठवण करणारे, ज्यांच्यामुळे रॅम आता ४८००ऐवजी ६०००च्या वेगाने चालते... तुम्हा प्रत्येकाचा मी मनापासून ऋणी आहे.