नाव, गाव, तारीख

महोदय,

‘पाण्यासाठी वणवण’ या मथळ्याखाली रविवारच्या अंकात आलेली दुष्काळाची छायाचित्रे पाहिली. छायाचित्रे बोलकी आहेत. पण एकाही बाईचे नाव नाही, गाव नाही, तारीखही नाही. भेगाळलेले रान आणि डोक्यावर हंडे, हे दृश्य १९७२ चेही असू शकते!

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील मजुरांच्या तळावर टिपलेली आई जगभर पोहोचली, पण लँग यांनी तिचे नाव विचारलेच नव्हते. ते १९७८ मध्ये उजेडात आले, तेव्हा त्या छायाचित्राबद्दल तिची तक्रारच होती. विहीर कोणती, ती कोणत्या महिन्यात आटली, एवढे जरी छापले तरी दहा वर्षांनी त्याच काठावर पुन्हा कॅमेरा नेता येईल.

– एक वाचक, सोलापूर