तुझ्या लेकीला विद्यापीठ दाखवलं, त्याचं पत्र

प्रिय मित्रा,

लेक सुखरूप पोचली, ॲडमिशन झालं, हे तुला फोनवर सांगितलंच. पण तू निम्मा वेळ "सगळं ठीक आहे ना, सगळं ठीक आहे ना" एवढंच विचारत होतास आणि मागं फवारणीच्या पंपाचा आवाज, त्यामुळं धड बोलणं झालंच नाही, म्हणून म्हणलं नीट बसून लिहावं. कोळपणी टाकून येता आलं नाही म्हणून जीवाला लावून घेऊ नको. कागद जमा झाले, फी भरली आणि दुपारपासून आम्ही दोघं मोकळेच होतो, तर मी तिला म्हणलं चल, आता तुझं पुणे विद्यापीठ तुला पायी दाखवतो, रिक्षा बिक्षा काही नाही, पायी फिरल्याशिवाय ही जागा ओळखीची होत नाही.

मागं एकदा तू म्हणाला होतास, ती मोठ्या लोकांची जागा, आपली पोर बुजंल तिथं. तुझं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्या दिवशी तिला जे जे दाखवलं ते तुझं ते वाक्य खोडायलाच दाखवलं असं समज.

तर मेन गेटपासून सुरू केलं. बाहेर विद्यापीठ चौकात तुला माहितीये काय गर्दी असते, जुना उड्डाणपूल २०२० ला पाडला, मग मेट्रोचं काम, हॉर्न तर थांबतच नाहीत. गेटमधून आत थोडं चाललं की आवाज मागं राहतो आणि दोन्हीकडं झाडं. वड, पर्जन्यवृक्ष, कुठं गोरखचिंच, आणि पाऊस पडून गेलेला त्यामुळं सगळं हिरवंगार. ४११ एकर जागा आहे ही, एकर म्हणलं की तुला लगेच अंदाज येईल, आपल्याकडच्या एखाद्या गावाचं निम्मं शिवार यात बसेल. वर धनेशाची एक जोडी या झाडावरनं त्या झाडावर जात होती, पोरगी मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली काका, हे असं पुण्यात?

मग मुख्य इमारत. फोटोत बघितली असशील, उंच मनोरा, कमानी, पुढं मोठं हिरवळीचं मैदान. ती थबकलीच जरा. मी मुद्दामच तिथं बाकावर बसवून सगळी गोष्ट सांगितली तिला. ही इमारत मुंबईच्या गव्हर्नरसाठी बांधलेली, बार्टल फ्रिअरनं १८६४ ला काम सुरू केलं आणि १८७१ ला पुरं झालं, आर्किटेक्ट ट्रबशॉ नावाचा, मनोरा इटालियन धर्तीचा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा नुसता वाहत होता, त्या भरात हे बांधायला घेतलं, आणि मग युद्ध संपलं, भाव कोसळले, तरी बांधकाम चालूच, एवढा खर्च केला म्हणून विलायतेत सुद्धा त्यावर टीका झाली. आणि हे सगळं कशासाठी तर साहेबाला पावसाळ्यात पुण्यात राहता यावं म्हणून! उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात गणेशखिंड, म्हणजे हीच जागा. कापसाच्या भावावर चढलेली आणि त्याच भावानं अडचणीत आलेली इमारत म्हणल्यावर तुझ्या लेकीला ती लगेच कळली, तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही की भाव पडला म्हणजे काय होतं.

त्याच्याही आधी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, पेशव्यांची आणि इंग्रजांची खडकीची लढाई झाली ती याच माळावर, गणेशखिंड ते खडकीच्या मधल्या भागात. आणि मग १८९७. हे मी तिला जरा सावकाश सांगितलं कारण मला स्वतःला यातलं सगळ्यात जास्त लागतं ते हेच. त्या साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले आजारी लोकांना मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात घेऊन येत होत्या, सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच प्लेगच्या बंदोबस्तात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घराघरात घुसून लोकांना छळलं, आणि २२ जूनला राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती, ती आटोपून रात्री परत जाताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. पुढं तिन्ही चापेकर भाऊ फासावर गेले. म्हणजे बघ, एकच साल, एकच साथ, एकीकडं इथं दिव्यांची रोषणाई आणि तीन महिन्यांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला प्लेगच्या रोग्यांना आणता आणता गेलेली बाई. आणि २०१४ पासून या सगळ्या ४११ एकरांवर नाव कुणाचं, तर त्या बाईचं. साहेबाचं नाव इथं येणाऱ्या पोरांना माहीत पण नाही.

सावित्रीबाईंचा पुतळा आहे मुख्य इमारतीच्या आवारात. तिथं तिनं पायातली चप्पल काढली, मी काही सांगितलं नव्हतं. तुझ्या आईनं चौथीत शाळा सोडली आणि तुझ्या लेकीनं एमएस्सी फिजिक्सला नंबर लावला, मला तेवढंच आठवत होतं तिथं.

बरं, विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ही इमारत हातात पण नव्हती. १० फेब्रुवारी १९४९ ला स्थापना झाली, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आणि कारभार सुरू झाला भांडारकर इन्स्टिट्यूटच्या निजाम गेस्ट हाऊसमधनं. नंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं ही जागा दिली. आता जिथं मेजवान्या व्हायच्या तिथल्या दालनाला संत ज्ञानेश्वरांचं नाव आहे, संत ज्ञानेश्वर सभागृह.

पण मला विचारशील तर विद्यापीठाचं काळीज मुख्य इमारतीत नाही, ते जयकरात आहे. जयकर ग्रंथालय. सगळे नुसतं जयकर म्हणतात, "कुठंयस?" "जयकरला." मी एमए करताना माझं सगळं आयुष्य तिथं गेलं, सकाळी कमवा आणि शिकामध्ये बागेत काम करायचं, आंघोळ करून लेक्चर आणि मग रात्री बंद होईपर्यंत जयकर. बीड, नांदेड, नंदुरबार, गडचिरोली, कुठली कुठली पोरं एका टेबलाला बसलेली असायची, कुणी सेट-नेट, कुणी एमपीएससी, आणि पैसे संपले की एकमेकांचा डबा. आत्ता गेलो तर चेहरे नवे पण दृश्य तेच, बाहेर चपलांचा आणि सॅकचा ढीग, पायऱ्यांवर फोनवर घरी बोलणारी एखादी मुलगी. कमवा आणि शिका योजनेला नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचंय, तासाप्रमाणे पैसे मिळतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही हे मी तिला दहादा बजावलंय. ती म्हणाली मी तर फॉर्म भरणारच आहे, बाबांना सांगू नका. मी सांगतोय, कारण तू अडवू नयेस म्हणून सांगतोय. अडवू नको तिला. त्या कामानं माणूस इथं पाहुण्यासारखा राहत नाही, जागा त्याची होते.

तिथनं अनिकेत कॅन्टीनला चहा आणि पोहे. खाण्याची काळजी तुझ्या बायकोला सगळ्यात जास्त आहे म्हणून लिहितो, कॅन्टीन आहेत, रिफेक्टरी आहे, पोटभर मिळतं.

ललित कला केंद्रावरनं गेलो तेव्हा आतनं तबल्याचा रियाज ऐकू येत होता. १९८७ चं हे केंद्र, नाटक-संगीत-नृत्य गुरुकुल पद्धतीनं शिकवतात, सतीश आळेकर बरीच वर्षं प्रमुख होते. तिथला अंगणमंच बघ एकदा आलास की, उघड्यावरचा रंगमंच आहे, मी तिथं पोरांची नाटकं बघितलीत ती अजून विसरलो नाही. बाकी स्त्री अभ्यास केंद्र पण दाखवलं, त्याला सावित्रीबाईंचं नाव विद्यापीठाच्या आधीपासनं आहे. सी-डॅक लांबनंच दाखवलं. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला म्हणून १९८८ ला ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या टीमनं १९९१ ला परम ८००० बनवून दाखवला, हे तिला माहीत होतं, शाळेत वाचलेलं.

आता आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था. यासाठी मी पत्राची इतकी पानं राखून ठेवली होती. आत जायला परवानगी लागते, ती आधी काढून ठेवलेली. चार्ल्स कोरियानं डिझाइन केलेली जागा, काळा दगड, मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं कुंड, आपल्याकडं देवळापुढं असतं तसलंच, आणि तिथं चार पुतळे, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन. न्यूटनच्या मूळ सफरचंदाच्या झाडाच्या कलमाचं रोप पण इथं लावलेलं, पुण्याच्या हवेत ते फार टिकलं नाही. पण ती अडकली फुकोच्या लंबकापाशी. लांब दोरीला लटकलेला गोळा शांतपणे झुलत असतो आणि त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू फिरते, म्हणजे खरं तर खाली पृथ्वी फिरतेय ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. तिनं वहीच काढली आणि तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला, ध्रुवावर एक फेरा दिवसात होतो पण पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून इथं साधारण ७५ तास लागतील. तीन दिवसांपेक्षा जास्त! आणि मग मला तो साइन बिन काय असतो ते समजावायला लागली. सकाळी ऑफिसच्या खिडकीपाशी आवाज फुटत नव्हता त्या पोरीचा.

मी तिला नारळीकरांबद्दल सांगितलं. केंब्रिजमधनं नाव कमावून परत आले, १९८८ ला ही संस्था उभी केली आणि विचार असा की देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या, अगदी लहान गावातल्या कॉलेजातल्या मास्तराला आणि पोराला सुद्धा इथं येऊन संशोधन करता यावं, दुर्बिणी-कॉम्प्युटर-लायब्ररी सगळ्यांनी मिळून वापरावं. नावातच आहे ते, आंतर-विद्यापीठ केंद्र. शाळेतली पोरं सही मागायला आली की म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर आणि सही दोन्ही देतो, आणि खरंच द्यायचे. २० मे २०२५ ला गेले. लहान मुलांसाठी तिथं मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य, पुलंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतनं झाली ती, सप्तर्षीतला ताराही तोच आणि त्या नावात पुलं पण आले. पुढच्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका सगळ्यांना खुलं असतं, तेव्हा धाकट्याला पण घेऊन ये.

शेजारीच एनसीआरए, रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र. गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं, नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास ज्या ३० मोठ्या रेडिओ डिश आहेत, एकेक ४५ मीटर रुंद, त्याचं मुख्यालय हे. लेक म्हणाली काका, मला तिथं काम करायचंय. असं सरळ म्हणाली. मी काय बोलणार, मी म्हणलं कर.

परत येताना अंधार पडायला लागला होता, फिजिक्सच्या बिल्डिंगपाशी तिनं नोटीस बोर्ड सगळा वाचून काढला, टाइमटेबलचा फोटो घेतला, आणि समोरून येणाऱ्या एका मुलीला स्वतःहून विचारलं लॅब कधी सुरू होते म्हणून. मी लांब उभा राहिलो. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. तुझी पोर बुजत नाही रे, तू उगाच घाबरतोस.

आता कामाचं. हॉस्टेलची यादी अजून लागायचीय, तोपर्यंत ती आमच्याच घरी आहे, पैशाचा विषय काढू नको, मला राग येईल. जातपडताळणीचं ओरिजिनल आणि नॉन क्रिमीलेयरचा नवा दाखला दोन्ही लागणारेत, झेरॉक्स चालणार नाही, नवा दाखला तहसीलला जाऊन या आठवड्यात काढ आणि दोन्ही कुरिअर कर, एसटीनं कुणाबरोबर पाठवू नको. तिची जाड रजई आणि स्वेटर पण पाठव. आणि सोयाबीनची रास झाली की दोघं या, चार दिवस काढून या, मेन गेटपासून पायी फिरवायचं काम आता तिनं माझ्याकडनं काढून घेतलंय.

वहिनींना नमस्कार, आईच्या पाया पडलो म्हणून सांग.

तुझाच,
पुण्यातला दोस्त